पानासमोर बोललेलं

गांधीबाजारात केळीची पानं घेत होते तेव्हा एका अनोळखी बाईनं मला माझ्याच मुलाची गोष्ट सांगितली. खरं तर ती पानवाल्याला सांगत होती, मी दोघांच्या मधे उभी होते म्हणून माझ्याही वाट्याला आली. महालयाची अमावस्या, त्यात रविवार. पितरांना जेवू घालणारं अर्धं बसवनगुडी पिशव्या घेऊन सकाळी आठलाच रस्त्यावर उतरलं होतं. बाईची कॉलेजातली मुलगी कानात इअरफोन घालून, एक शब्द न बोलता, स्कूटर काढून निघून गेली आणि बाईचं डोकं तापलं. कन्नडमध्ये म्हणाली, आईला सांगून निघायला ह्यांच्या तोंडाला काय होतं? इथंच मागच्या क्रॉसला, त्या गल्लीत, एक मुलगा होता. सकाळी निघाला, गेटपर्यंत गेला, तिथून परत आला, आईच्या पाया पडला, अम्मा स्वतःला जप म्हणाला, आणि त्याच दिवशी दुपारी गेला बघा, अ‍ॅक्सिडेंटमध्ये. कळत असतं हो त्यांना. पानवाल्यानं पानांवर पाणी मारता मारता चुकचुक केली. आणि मी काय करावं? 'आमेले?' म्हणून विचारलं. पुढं काय झालं, असं. पुढं काय झालं ते माझ्याइतकं आख्ख्या बेंगळुरात कुणाला ठाऊक नाही, तरी विचारलं, आणि ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्या कुणाच्या मुलाबद्दल ऐकून येतं तसं. बाईनं माझ्या दंडाला हात लावला. अय्यो, सणावाराचं उगाच सांगितलं तुम्हाला, म्हणाली. मी पाच पानं घेतली, फाटकी नाहीत ना ते उलटून बघितलं आणि घरची वाट धरली.

पाया पडला हे मला नवीन होतं. मूळ गोष्टीत ते नव्हतं, आणि मूळ गोष्ट मीच सांगितलेली असल्यामुळे मी हे खात्रीनं म्हणू शकते. मूळ गोष्टीत शौर्य फक्त गेटपाशी थांबतो, मागं बघतो आणि हात करतो. तीन वाक्यं, आणि तिन्ही खोटी. तो थांबला नाही, वळला नाही, हातबित काही केला नाही. माझ्या वीस वर्षांच्या मुलाला मी शेवटचं पाहिलं ते पाठमोरं. शर्ट मागून अर्धा बाहेर आलेला, बॅगेचा डावा पट्टा पिळलेला, मानेवर केस वाढलेले. ही पाठ तीन वर्षं माझ्याकडं आहे. कुणाला दाखवलेली नाही. ऑफिसात काम करताना, भाजी चिरताना, मी ती आठवून बघते, आणि बघताना आत जे तुटतं ते मला हवं असतं, कारण तिथं तो खरा असतो, रागावलेला आणि जिवंत. पण त्या सकाळी पानं हातात घेऊन चालताना मी ती पाठ आठवायला गेले आणि ती वळली. शौर्यचा चेहरा दिसला, वर केलेला हात दिसला, बाईनं सांगितलं तसा तो परत यायला लागला. मी थांबले. डोळे मिटून पहिल्यापासून सुरुवात केली: बूट, दार, तीन पायऱ्या, गेट. पुन्हा वळला. लोकांनी सांगून सांगून, माझ्या डोक्यात शिरून, त्याला वळवला होता. ती पाठ गेली तर माझ्या मुलाचं खरं असं माझ्याजवळ काही उरणार नव्हतं. 'स्वल्प बाजूला व्हा अम्मा,' म्हणून एक स्कूटरवाला माझ्यावर खेकसला. मी फुटपाथवरच होते, स्कूटर घेऊन फुटपाथवर तो आला होता.

खोटं का बोलले? गिरीराजांच्या तोंडाकडं बघून बोलले. चौथ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं आणि हे, माझे यजमान, हॉलमध्ये भिंतीला टेकून बसले होते. त्या सकाळी ते नेहमीप्रमाणे लवकर चष्म्याचं दुकान उघडायला गेले होते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला शेवटचं असं काही आलंच नव्हतं. चार दिवस ते कुणाशी बोलले नव्हते. एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, 'जाताना काही म्हणाला काय गे?' सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पहिलं सुचलं ते बोलले. गेटपाशी थांबला, मागं बघितलं, हात केला. त्यांचा चेहरा सैल झाला आणि ते रडले, चार दिवसांत पहिल्यांदा. शेजारच्या बायका म्हणाल्या, बरं झालं, मोकळे झाले. मलाही वाटलं, बरं झालं. पण मी काही नुसती त्यांच्यासाठी बोलले नव्हते. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का नाही वळला, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं होतं.

जानेवारी होता. घरभर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा वास. अत्ते, म्हणजे माझ्या सासूबाई जमनाबाई, मागच्या कट्ट्यावर सूप घेऊन शेंगा सोलत होत्या. तिथून गेट दिसत नाही. सकाळीच शौर्यच्या कॉलेजातून मेसेज आला होता की हजेरी भरत नाही, परीक्षेला बसता येणार नाही. दोन महिने हा पठ्ठ्या कॉलेजला जातो सांगून कोरमंगलाच्या कुठल्याशा स्टार्टअपमध्ये जाऊन बसत होता. मी शाळेच्या ऑफिसात पंचवीस वर्षं हजेरीची रजिस्टरं सांभाळली आहेत. दुसऱ्यांच्या पोरांनी मारलेल्या दांड्या मी त्यांच्या आईबापांना फोन करून कळवते, जरा तोऱ्यातच कळवते, आणि माझ्याच घरात हे. मी बोलायला लागले की थांबत नाही. त्याचे मित्र काढले, बापाचे दुकानात वाकून वाकून गेलेले खांदे काढले, लहानपणी अर्धवट सोडलेला तबला काढला. तो एका पायात बूट घालून ऐकत होता. मग म्हणाला, 'अम्मा, माझं कधी काय आवडलंय काय तुला?' शांतपणे म्हणाला, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हणाले, तू नसतास तर बरं झालं असतं. तोंडातून गेलं तेव्हा ते मला नेहमीच्या बोलण्यातलंच वाटलं. आया म्हणतात असं, माझी आई मला म्हणायची. त्यानं दुसरा बूट घातला, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली, आणि गेला. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, जा, जा, संध्याकाळी येशीलच घरी. रोज एक वाजता मी ऑफिसातून त्याला फोन करायचे. त्या दिवशी केला नाही. कळू दे जरा, म्हणून फोन ड्रॉवरमध्ये टाकला. पावणेचारला तो ड्रॉवरमध्येच वाजला. सिग्नलला वळताना टिप्परनं उडवलं होतं. बोलणाऱ्या माणसानं आधी माझं नाव विचारून खात्री करून घेतली, फार सभ्यपणे.

आता आमच्या घरातली रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे लोक तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडं आले आणि राहिले. मराठी राहिली ती घरापुरती, तीही निम्मी कन्नड झालेली. पुण्याकडची माणसं ऐकून हसतात, हसोत. पण महालयाला 'एडे' ठेवतो ते अगदी इथल्यासारखं. गेलेल्या माणसाच्या फोटोपुढं केळीचं पान मांडायचं, त्याला आवडणारं सगळं वाढायचं, नवं कापड ठेवायचं. आमच्या घरात त्यात आणखी एक भर आहे. प्रत्येकानं पानावर एकेक पदार्थ ठेवायचा आणि ठेवताना त्या माणसाची एक आठवण मोठ्यानं सांगायची. आणि पानासमोर बोललेलं कुणी खोडायचं नाही. गेलेला माणूस तेव्हा जेवायला आलेला असतो, त्याच्यासमोर वाद नकोत, असं अत्ते सांगतात. ऐकायला चांगलं वाटतं. माझे सासरे रघुजीराव एकदा सारू पातळ झालं म्हणून पातेलंच अंगणात भिरकावून मोकळे झाले होते. ते गेल्यावर पहिल्या महालयाला अत्ते पानावर सारू वाढून म्हणाल्या, माझ्या हातचं सारू ह्यांना फार आवडायचं. कुणी खोडलं नाही. दुसऱ्या वर्षी नणंद रम्या म्हणाली, अप्पा ताटात पडेल ते गोड मानून खायचे. पुढं पुढं ते घरात कधी आवाज चढवत नव्हते असं झालं. आता तर मलाही पातेल्याचा तो आवाज आठवायला जोर लावावा लागतो, आणि पातेल्याला पोचा आहे, तो आहेच. तेव्हा मला ह्या सगळ्याचं हसू यायचं. आपल्या माणसाला लोक मिळून कसं घडवतात ह्याची मला चांगली माहिती होती. ते माझ्या मुलाचंही होईल हे मात्र मला सुचलं नाही.

शौर्यच्या पहिल्या महालयाला गिरीराजांनी पानावर चित्रान्न ठेवलं आणि म्हणाले, जाताना तो थांबला, आईला हात केला. मी दिलेली वाक्यं त्यांनी पानासमोर ठेवून पक्की केली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, हो, हात केला. आता मला ती खोडता येणार नव्हती. दुसऱ्या वर्षी अत्ते म्हणाल्या की त्यांनीही बघितलं, खिडकीतून. मी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. मागच्या कट्ट्यावर बसलेल्या बाईला कसली खिडकी? पण त्यांच्या चेहऱ्यावर खोट्याची सावलीही नव्हती. गिरीराज दुकानात लोकांना सांगायचे. चष्म्याच्या दुकानात माणसं निवांत बसलेली असतात, नाकावर जड फ्रेम चढवलेली, समोरची अक्षरं वाचायची वाट बघत. कुणी विचारलं, मुलगा काय करतो, की हे सांगायचे. सांगताना थांबला, वळला, दोनदा हात केला. एकदाचं दोनदा कधी झालं मला ठाऊक नाही. दुकानातून ते क्रॉसवर गेलं, क्रॉसवरून देवळात, आणि आता पानवाल्यापर्यंत पोचलं होतं. मला राग यायचा. मग ह्यांच्याकडं बघितलं की जायचा. मागच्या मे महिन्यात व्हाइटफील्डला एका लग्नाला मेट्रोनं चाललो होतो. हे खिडकीतून बाहेर बघत होते, मधेच म्हणाले, 'सौम्या, तो वळला म्हणून मी राहिलो बघ.' त्या आधी मी तीनदा ठरवलं होतं की ह्यांना खरं सांगायचं. त्या दिवसानंतर ठरवायचं सोडून दिलं. ह्यांनी वळलेला मुलगा ठेवावा, मी पाठमोरा ठेवीन, अशी माझ्या मनातली वाटणी होती. वाटणी टिकली असती तर मी काही बोलले नसते.

पानं घेऊन घरी आले, स्वयंपाक केला. हात काम करत होते आणि मी मनात सारखी गेटपर्यंत जाऊन येत होते. डाळ फोडणीला टाकली, गेलं तर वळलेला. नारळ खवला, वळलेला, आता तर हसत होता. हसताना त्याचा एक दात वाकडा दिसायचा, तो नव्हता. फोटोतले सरळ दात होते. फोटोवाल्यानं मोठा करताना सरळ केलेले. मला भीती वाटली, खरी भीती, मूल गर्दीत हात सोडून गेल्यावर वाटते ती. अकरा वाजता रम्या आली, तिनं डबे उघडले, झाकणं शोधली, विचारलं, 'अक्का, बरं नाही काय तुला?' मी म्हणाले, सरी आहे सगळं, ठीक आहे. बारा वाजता हर्षिता आली. हर्षिता पुण्याची, कोरमंगलात पीजीमध्ये राहते; शौर्य जाऊन बसायचा त्या कंपनीत ती होती, आता दुसरीकडं आहे. दरवर्षी येते, दाराजवळ उभी राहते, पानावर एक चॉकलेट ठेवते आणि एकच वाक्य म्हणते, तो खूप हसवायचा. मला ती कधी आवडली नाही. तिच्याजवळ त्याचे ते दोन महिने होते, माझ्यापासून चोरलेले, आणि त्यातून ती वर्षाला एक वाक्य मला द्यायची, तेही तेच.

पान मांडलं. गिरीराज सोवळ्याचं धोतर नेसून पुढं बसले. सुरुवात वडीलधाऱ्यांपासून असते. अत्तेंनी पानावर वडा ठेवला आणि म्हणाल्या, 'गेटातनं परत आला लेकरू. हिच्या पाया पडला. मग माझ्याकडं बघून हसला. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी.' म्हणजे ते पाया पडणं इथलं होतं, आमच्याच घरातून गेलं होतं. रम्यानं पायस ठेवलं, म्हणाली, किती संस्कारी पोरगं. गिरीराजांनी चित्रान्न ठेवलं आणि त्यांचं ते सांगितलं, दोनदा हात केला. हर्षितानं चॉकलेट ठेवलं. तो खूप हसवायचा. मग माझी पाळी. आई शेवटी. मी भाताचा डाव हातात घेऊन पानाकडं वाकले, आणि अखेरचं म्हणून एकदा गेटपर्यंत जाऊन आले. पाठ नव्हती. नुसता हसरा, सरळ दातांचा, पाया पडून उठणारा मुलगा होता, कुणाचाही असू शकेल असा. मला माझा हवा होता. एवढंच कारण. धीर वगैरे काही नव्हता माझ्यात.

'तो वळला नाही,' मी म्हणाले. 'हात केला नाही. पाया पडला नाही. आम्ही भांडलो होतो. मी त्याला नको ते बोलले आणि तो मागं न बघता गेला. हात केला असं मी सांगितलं, ते मी रचलं.'

मग अत्ते हळू आवाजात, समजूत घालत म्हणाल्या, 'पानासमोर खोडायचं नसतंय गे सौम्या. आणि मी बघितलंय की.'

'तुम्ही मागं शेंगा सोलत होता अत्ते.'

'बघितलंय मी,' त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या फोटोकडं बघत होत्या, आणि मला कळलं की त्यांना खरंच दिसलं आहे. माझ्या तीन वाक्यांतून त्यांना एक नातू मिळाला होता आणि तो मी आता ओढून घेत होते. रम्यानं माझ्यापुढं पाण्याचा पेला धरला. 'सकाळपासून उभी आहे ही, पोटात काही नाही,' असं गिरीराज सगळ्यांना म्हणाले, जसं मी काही बोललेच नव्हते. मग मला म्हणाले, 'थकलीस तू. तूच सांगितलंस की गे मला. चौथ्या दिवशी. तू विसरलीस.' आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. आमचं लग्न झाल्यापासून चार माणसांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. त्या हाताखाली मला वाटायला लागलं की असेलही, थांबलाही असेल, तीन वर्षांत माझंच काही चुकलं असेल. सगळे इतक्या प्रेमानं बघत होते. त्यांचा शौर्य सगळ्यांचा होता आणि माझा एकटीचा. मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते.

'काकू बरोबर सांगतायत,' हर्षिता दाराजवळून म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. ती लाल झाली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. 'सॉरी. मला तुमची पद्धत माहितेय, काही बोलायचं नसतं. पण तो अकरा वाजता ऑफिसला आला ना, तेव्हा खूप अपसेट होता. मला सगळं सांगितलं त्यानं. घरी काय झालं ते.' आणि इथं तिनं माझ्याकडं बघितलं, लगेच नजर काढली, आणि मला समजलं की तिला ते वाक्य माहीत आहे. तीन वर्षं माहीत आहे. तीन महालय ती ह्या दारात उभी राहिली, मी 'हात केला' म्हणताना तिनं ऐकलं, आणि चॉकलेट ठेवून तेच एक वाक्य म्हणून गेली. मला आधी तिचा संताप आला, मग लाज वाटली, इतकी की पानाजवळून उठता येईना.

'काय बोलली ही?' गिरीराजांनी विचारलं.

'जाऊ दे ना काका.'

'सांग,' मी म्हणाले.

'काकू, नको.'

'सगळं सांग. तो म्हणाला तसं सांग.'

तिनं सांगितलं. तू नसतास तर बरं झालं असतं. तिच्या पुणेरी तोंडात ते वाक्य फार स्वच्छ वाटलं. अत्तेंनी तोंडाला पदर लावला. मी गिरीराजांकडं बघितलं नाही. बघायला हवं होतं, पण मला दुसरीच हाव सुटली होती. मी तशीच बसल्या जागेवरून विचारलं, 'आणि? आणखी काय म्हणाला?'

'तुमची नक्कल केली. रजिस्टर उघडून चष्म्यावरून बघता तशी. मग म्हणाला, अम्मा एक वाजता फोन करते, आज करेल तेव्हा मी उचलणारच नाही. फोन टेबलावर समोर ठेवला होता. एक वाजून गेला. मग सव्वा, मग दीड.' ती थांबली. मी हातानं तिला पुढं बोल अशी खूण केली. 'दोन वाजता त्यानं माझा फोन मागितला. आणि माझ्या फोनवरून स्वतःच्या फोनवर रिंग देऊन बघितली. लागतोय ना, म्हणून.'

मला वाटत होतं की त्या दिवसाचं जे दुखायचं ते सगळं माझं दुखून झालं आहे. ते खरं नव्हतं. मी पानाची कड धरली आणि ती हातात फाटली. तो वाट बघत होता. मी ड्रॉवर बंद करून बसले होते आणि तो रिंग देऊन बघत होता. हे मला जन्मभर पुरेल. आणि तरीही, हे सांगायला मला लाज वाटते, मला आनंद झाला. तीन वर्षांत माझ्या मुलाचं नवीन असं मला कुणी काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून तोच तोच हात हलवला होता. आता तो एका टेबलापाशी बसला होता, माझ्यावर चिडून, माझी नक्कल करून, मला माहीत नसलेल्या एका खोलीत, आणि जिवंत होता. 'आणि?' मी विचारत राहिले. कुठल्या खुर्चीवर बसायचा? नक्कल करताना हसला का? हसला, ती म्हणाली, थोडंसं, दात दिसला वाकडा. मग पुन्हा गप्प झाला. निघताना तुझ्याकडं वळून बघितलं का? नाही काकू. तो तसा कधीच बघायचा नाही, उठला की चालायला लागायचा. ती रडत होती, मी रडत होते, आणि तिच्याकडून एकेक काढून घेत होते, आणि प्रत्येक गोष्ट मला लागत होती आणि मला आणखी हवं होतं. रम्या म्हणाली, अक्का पुरे. मी ऐकलं नाही.

मग माझी नजर गिरीराजांकडं गेली. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी दिवसा फार थोड्या वेळा बघितला आहे. डोळ्यांखालची कातडी पांढरी, नाकावर दोन खळगे. मी त्यांच्याकडून काय घेतलं ते त्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. मेट्रोतलं त्यांचं बोलणं मला आठवलं आणि मी घाबरले. ते काय बोलतात ह्याची मी वाट बघत होते. त्यांनी मला काहीही म्हणावं, हात उगारावा, बाहेर निघून जावं, मी सगळ्याला तयार होते. अत्तेंनी 'गिरी' म्हणून हाक मारली. त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, दोन्ही काचा, नीट, आणि घातला. माझ्याकडं बघितलं नाही. हर्षिताकडं वळून, दुकानात एखाद्या लहान मुलाशी बोलतात त्या मऊ आवाजात त्यांनी विचारलं, 'काही खाल्लं होतं काय गे त्यानं?'

हर्षितानं पानाकडं बघितलं. वडा, पायस, चित्रान्न, फाटलेली कड. मग माझ्याकडं बघितलं.

'हो काका,' ती म्हणाली. 'पोटभर.'

गिरीराज मान हलवत राहिले. 'पोटभर जेवला होता म्हणे,' असं त्यांनी अत्तेंना मोठ्यानं सांगितलं, आणि अत्ते म्हणाल्या, 'जेवलाच असणार.' ह्यांचे खांदे हलायला लागले. रम्या त्यांच्याजवळ जाऊन बसली. हर्षिताला ते उत्तर द्यायला मधे किती वेळ लागला, हे त्या खोलीत फक्त मला कळलं. ती अजून माझ्याकडंच बघत होती. काय खाल्लं, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तो मी विचारला नाही.